मामा हेलिकॉप्टरला आडवे जातात

आमच्या मामांना चुकवून जाईल अशी हलती वस्तू या तालुक्यात अजून जन्माला यायची आहे. डास, एसटी, जिलबीचा वाढपी, उंच उडालेला चेंडू, जे जे म्हणून पळतं ते शेवटी मामांच्या हातात येऊन पडतं, आणि मामा स्वतः कधी पळत नाहीत. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे निरगुडसरचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण उभी नोकरी क्षेपणास्त्रांच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. आकाशात वेड्यावाकड्या गिरक्या घेत पळणाऱ्या विमानाला गाठायचं कसं, याची गणितं ते मांडत. निवृत्त होऊन आत्याच्या गावी, ओतूरला राहायला आले. विमानं तिकडंच राहिली, गणितं मात्र सामानाबरोबर आली.

त्यांचा सगळा धर्म एका वाक्यात मावतो : "लक्ष्याच्या मागं लागू नको, रेघंवर ध्यान ठेव." रेघ म्हणजे आपल्या डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतची नजरेची रेघ. ती जागची हलत नसेल आणि लक्ष्य मोठं होत असेल, तर गाठ पडणार म्हणजे पडणार. रेघ फिरली, तर ती जिकडं फिरली तिकडं तिच्या तिप्पट आपण वळायचं. बस्स. लग्नाच्या पंगतीत लोक "ओ भाऊ, इकडं!" करून घसे कोरडे करतात, मामा वाढप्याची वळायची खोड आधीच हेरून जागा धरतात. एकदा ऐन वेळी वाढपी उलटा फिरला. मामा ताट घेऊन शांतपणे उठले आणि पलीकडच्या रांगेत, नवरदेवाच्या चुलत्याच्या जागेवर जाऊन बसले. चुलते नुसते हात धुवायला गेले होते. "लक्ष्यानं दिशा बदलली," एवढाच खुलासा, तोही जिलबी तोंडात असताना. टेनिस बॉलच्या सामन्यात त्यांनी सीमारेषेबाहेर, हातातला चहा न सांडता झेल घेतला आणि षटकार देणाऱ्या पंचाशी डाव संपेपर्यंत भांडले. घरात डास आला की ते टाळी वाजवत नाहीत, हात पसरून त्याची रेघ स्थिर व्हायची वाट बघतात. आत्या म्हणते, "ह्यांची रेघ जुळंस्तवर डास माजं जेवून जातो."

हे कौतुक इथंच थांबवतो, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांतून ओतूरच्या कॉलेजला येणारी सकाळची एसटी बंद केली. कारण काय, तर प्रवासी कमी. अहो, त्या गाडीत पोरी असायच्या! पोरी प्रवाशांत मोजत नाहीत का? आमच्या विद्यार्थी संघटनेतली मंदा त्यातलीच एक, दुसऱ्या वर्षाला. तिच्या वडिलांनी सरळ सांगितलं, "दिवाळीपतोर गाडी सुरू झाली तर कॉलेज. न्हाईतर पावणं बघायला येतील." आम्ही पत्रकं वाटली, डेपोत बसून राहिलो. सगळीकडं एकच उत्तर : मंत्रिमहोदयांच्या हातात आहे. आणि मंत्रिमहोदय हेलिकॉप्टरनं फिरणार. आम्ही घोषणा देत जुन्नरला पोचलो की ते ओतूरला उतरायचे. ओतूरला धावलो की नुसती धूळ उरलेली.

मामांनी हे ऐकलं आणि भर चहाच्या टपरीवर आमची अब्रू काढली. "मोटारसायकलमागं कुत्रं पळतं बघ, तसं तुमचं आंदोलन! नाक सारखं लक्ष्याकडं. त्या पद्धतीनं शेपूट हाती लागतं, तेबी नशीब असलं तर." मग आवाज चढवून म्हणाले, "पुढच्या खेपेला लक्ष्य टप्प्यात आलं की मी बघतो!" शेजारी हवालदार बसला होता. त्याचा कप तोंडाशीच थांबला. "काका, लक्ष्य कसलं?" मामा म्हणाले, "जिलबीवाला."

पुढच्या दौऱ्याला तीन मैदानांवर हेलिपॅड रंगवली : एक जुन्नरला, एक ओतूरला, एक मधे शेतांच्या कडेला. आमची पोरं नेहमीप्रमाणं जुन्नरकडं निघाली. मामांनी मला आणि मंदाला मधल्या फाट्यावरच अडवलं. "हितंच थांबा. त्याला ठरवू दे, मंग आपण ठरवू." ते माझ्या गाडीवर मागं बसले, मंदा मैत्रिणीच्या स्कूटीवर. हेलिकॉप्टर दिसलं. मामांनी समोरच्या डोंगराचं एक टोक धरलं आणि म्हणाले, "त्या टोकाच्या डोक्यावरनं ते हालता कामा न्हाई. चल!" आधी ते जुन्नरच्या रोखानं गेलं, तिथली गर्दी बघितली असावी, आणि गर्रकन वळलं.

"रेघ सुटली! उजवीकडं घे!"

"मामा, उजवीकडं रस्ता न्हाई, कांदा हाय!"

"मंग बांधावरनं घे! तिप्पट वळ म्हन्लं ना!"

मी बांधावरनं घेतली. मागं मंदा ओरडत होती, "दादा, मामांना धरा, पडत्यात!" मामा पडत नव्हते, अर्धे उभे राहून डोंगराकडं बघत होते. आणि खरंच, हेलिकॉप्टर त्या टोकाला चिकटलं. हलेना. नुसतं फुगत गेलं, फुगत गेलं, आणि आमच्यासमोर मधल्या मैदानात उतरलं. बंदोबस्त जुन्नरला. दोरीपाशी आम्हीच. मंत्रिमहोदय डोळ्यातली धूळ पुसत बाहेर आले तर पुढ्यात मंदा, केसांत कांद्याची पात.

"साहेब, तुमी वरनं आला. आमची सकाळची गाडी दिसली का हो वरनं?"

ते गोंधळले. "गाडी? नाही बुवा."

"दिसणार न्हाई. बंद हाय. माजं कॉलेजबी त्यासंगं बंद व्हणार हाय."

पळायला जागा नव्हती. ते दोरीपाशी उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं, तिथूनच फोन लावला. दिवाळीच्या आत गाडी सुरू झाली. 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शेपूट लावूनच, कारण सरळ देतील तर ते सरकार कसलं! पावणं काही आले नाहीत.

परतताना, ओतूर आल्यावर मामा म्हणाले, "उभ्या जन्मात मी ज्या ज्या गाठी घातल्या ना, त्या दोघांची राख व्हावी म्हणून. दोघं भेटून बोलली, अशी ही पैलीच."

आता मामांच्या डोळ्यांत अंधार उतरतोय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननं फार फरक पडायचा नाही. तरी रोज सकाळी ते स्टँडवर येऊन बसतात, रस्त्याकडं तोंड करून. प्रायोगिक मुदत संपत आली आहे, हेलिपॅडला पुन्हा रंग लागतोय, आमची पत्रकं छापून तयार आहेत, आणि या खेपेला आम्ही कुणाच्या मागं पळणार नाही. मामा विचारतात, "रेघ कशी हाय?" मी म्हणतो, "हलली न्हाई मामा. मोठी व्हतीय." मग गाडी वळून आत येते, पोरी भराभरा उतरतात, आणि मंदा मामांसमोर येऊन उभी राहते. ते हात पुढं करतात, जरा बाजूलाच. ती एक पाऊल सरकते आणि तो हात धरते.