तलावाचा नियम समुद्राला

समुद्र मी एकदाच पाहिला, लग्नानंतर पुरीला, तोही डोळ्यात वाळू गेल्यामुळे अर्धामुर्धा. आणि समुद्रावर चोर कोण नि साव कोण, हे ठरवायचं काम मी दोन वर्षं केलं. कुठे, तर रायपूरच्या पंडरीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

काम असं होतं. मोठ्या मालवाहू जहाजांवर कॅमेरे असतात. जवळ येणारी होडी चाच्यांची वाटली, की एआय कप्तानाला सावध करतं आणि जहाज लांबून निघून जातं. पण चाचे ओळखायला त्या यंत्राला शिकवणार कोण? आम्ही. पडद्यावर होडीचा फोटो यायचा. धोका वाटला तर लाल चौकोन, नाही तर हिरवा. आठ-दहा सेकंदांत उरकायचं. एका फोटोला तिघांची मतं. शिवाय आमची परीक्षा म्हणून जुने फोटो मधूनच पुन्हा यायचे.

संशयित कशाला म्हणायचं, याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. आमच्या सुपरवायझरच्या घरी गावच्या तलावाचा मासेमारीचा ठेका, म्हणून त्यानं आपला नियम काढला. "दीदी, जाळं नाही अन् होडी उभी आहे, म्हणजे चोर. आमच्या तलावात हेच होते." तलावात होत असेल बाबा! पण समुद्राचा ठेकाही काय तुझ्याच घरी आहे? हे मी मनात म्हटलं. तोंडानं "हव" म्हणून मान डोलावली, कारण नियम सोपा होता.

मग एका दुपारी तो फोटो आला. होडी उभी, जाळं नाही, चार माणसं. नियमाप्रमाणे लालच. पण एकानं बांबूला शर्ट बांधून उंच धरला होता. मी फोटो मोठा करून पाहिला. मागे इंजिनाचं झाकण उघडं होतं आणि दुसरा एक जण त्यात खांद्यापर्यंत वाकला होता. अहो, हे कसले चोर! यांचं इंजिन बंद पडलंय. हे जहाजाला हाका मारताहेत, आणि आम्ही जहाजाला शिकवतोय की पळ.

मी सुपरवायझरला हाताला धरून आणलं. "पाहा ना भैया, मदत मांगून राहिले ते. याले लाल काहून करायचं?"

"जाळं दिसते का तुमाले?"

"बंद होडीत जाळं टाकून काय करतीन ते?"

"दीदी, टेन्शन मत लो. फोटो सालभर पुराना आहे."

माझं डोकंच फिरलं. सालभर! मग त्या चौघांचं काय झालं? जहाज थांबलं का त्यांच्यासाठी? त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी आता काही करता येत नव्हतं. पण पुढच्या एखाद्या होडीसाठी तरी हा फोटो हिरवा व्हायला हवा होता. मी हट्टच धरला, की हे बदला, आत्ता बदला.

"बदलून काय फायदा?" तो म्हणाला. "हा फोटो टेस्टिंगचा. यंत्राले शिकवायची असली बॅच तर मागच्याच महिन्यात गेली. जहाजावर चालू पण झाली."

म्हणजे यंत्र शिकून मोकळं झालं होतं. मी ओरडलेच, "कोण्या आंधळ्यानं लाल केलं होतं हे? दाखवा मले!"

त्यानं आपला पडदा माझ्याकडे वळवला. फोटोखाली तिघांचे नंबर होते, तिन्ही लाल. मधला नंबर माझा होता.