माग थांबले तेव्हा

मंगळवारी बसू वारला. बसू माझा धाकटा भाऊ.

तो हेवी मेटल वाजवायचा. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, सुया टोचलेल्या हातात काठी धरून ड्रम बडवायचा. सराव त्याच्या मित्राच्या, वेंकूच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. अख्ख्या सोलापुरात याच जागी त्याच्या संगीताबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण टॉवेलचे माग त्याच्याहून मोठ्यानं ओरडत.

दिवसकार्य उरकलं आणि काकांनी बशीत चहा ओतता ओतता जाहीर केलं, की बसूचे ड्रम लेझीम मंडळाला द्यायचे, उद्याच टेम्पो नेतो. "पडून काय उपेग? तसल्या आरडाओरडीनंच पोरगं गेलं." (किडनी हा अवयव काकांना मान्यच नसावा!) सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ग्रंथपाल, कुजबुजण्याची सवय. उठले आणि मोरीत त्यांची बशी आपटली. तीही धड फुटली नाही.

तशीच वेंकूकडे गेले. रागानं रडूही येईना. तो म्हणाला, "अक्का, हितं ओरडा की. बसू तेच करायचा. मागाच्या आवाजात कुणाला कायबी ऐकू येत न्हाय."

तो ड्रमवर बसला. मी माइक धरला. बसूच्या गाण्यातली एकच ओळ मला पाठ होती: मी अजून हितंच हाय. ती घशातून खरवडून काढली, पुन्हा काढली, मग पदरचे शब्द सुरू झाले. काकांचं टक्कल, त्यांचे सल्ले, दवाखान्याकडे कधीच न वळलेले त्यांचे पाय, सगळं तालात बसत होतं.

आणि वीज गेली. माग थांबले. माइक थांबला. मी थांबले नाही.

"बसूच्या ड्रमला हात तर लावा, काका, बोटं मोडीन!"

दारात काका उभे. टेम्पो आजच मोकळा मिळाला होता. मागं लेझीम मंडळ, त्यामागं गल्ली.

काकांनी वेंकूला हळूच विचारलं, "ही आमची सुमीच न्हवं?"

"व्हय."

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं. त्याच घोगऱ्या आवाजात बाहेर आलं, "टेम्पो वळवा."

टेम्पो वळला.

बसू नाही. ड्रम वेंकूच्या शेडमध्ये आहेत. माग चालू असले की मी जाते. वाचनालयात हल्ली एकही पुस्तक उशिरा परत येत नाही.