शिक्षण अपूर्ण

"कच्चं आहे अजून, राव सार," असं म्हणत ती माझा उजवा हात उचलून आपल्या कपाळाला टेकवायची. तिच्या फिलिपिन्समध्ये वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात म्हणे. मी मद्रासच्या मैलापुरातल्या एका नृत्यशाळेचा कारकून. माझ्या हाताला एवढा मान घरीसुद्धा नव्हता.

कच्चं म्हणजे तिचं भरतनाट्यम. राहण्याचा परवाना वाढवायला तिला दर वर्षी शाळेचा दाखला लागे आणि मी टाइप करी: 'शिक्षण अपूर्ण'. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं नृत्य, झालं की शिक्षण संपलं आणि मद्रासचा मुक्कामही. सात वर्षं ती कच्ची राहिली. तिचे पाय पाहून कोणालाही हे खोटं कळलं असतं. सुदैवाने कचेऱ्या पाय पाहत नाहीत.

पासपोर्टवर ती पुरुष होती. आमचे अध्यक्ष तिला 'मिस्टर' म्हणत. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. हार गळ्यात पडल्याशिवाय त्यांचा आवाज फुटत नाही. ती ओढणी कमरेला खोचत म्हणे, "मिस्टरना मनिलातच सोडून आले, सार."

मग तिला नाच शिकवणाऱ्या टीचरची नजर काचबिंदूने जाऊ लागली. पहिल्या दिवसापासून त्या तिला 'अडी' म्हणत, आमच्याकडे मुलींना म्हणतात तसं.

"अडी, मला दिसतंय तोवर नाच. नंतर काय नुसते घुंगरू ऐकत बसू?"

"नाचले की जावं लागेल, अम्मा."

"ठाऊक आहे."

ती बराच वेळ घुंगरांची दोरी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बरं."

अरंगेत्रमच्या निमंत्रणपत्रिकेच्या मजकुरात अध्यक्षांनी तिच्या नावाआधी 'श्री' लावलं. छापखान्यात जाता जाता मी ते खोडून 'कुमारी' केलं. आयुष्यातलं माझं एकमेव बंड, तेही पेन्सिलीने.

अध्यक्ष पाऊण तास बोलले, पत्रिका वाचताना अडखळले. मग ती नाचली. टीचर पहिल्या रांगेत मान पुढे काढून बसल्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पक्कं."

वर्तमानपत्रात फोटो आला. आता खोट्याची सोय उरली नाही.

शेवटचा दाखला टाइप करताना सवयीने पुन्हा 'अपूर्ण' पडलं. मी कागद ओढून काढला. "मला द्या तो," म्हणत तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मी नव्याने टाइप केलेला खरा दाखला टेबलावर विसरून निघाली.

मी शेवटी कारकूनच. तो घेऊन बसस्टॉपपर्यंत धावलो. तिने आधी माझा हात कपाळाला लावला, मग कागद घेतला.