लेकीला गहू खाऊ घालायचे दिवस

माझ्या पोटात दोन आजार आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. एक सिलिॲक. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं बिघडतं. दुसरा क्रोन्स. गहू असो नसो, आतड्याला मनात येईल तेव्हा सूज येते, आणि मग संडास चार पावलांपेक्षा लांब असून चालत नाही. गहू नको म्हणून ज्वारीची भाकरी खावी तर सूज आल्यावर तिचा कोंडा टोचतो. मऊ पाव खावा तर तो गव्हाचा. उरतो भात. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या मुलखात राहून मी महिनेच्या महिने ताकभातावर काढते, आणि वर लोक विचारतात, "डायटिंग करायलात का?"

समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं. सासरच्या गावी एकदा म्हणाले, मला गहू बाधतो. दोन घरं ओलांडेपर्यंत त्याचं "तिला बाधा झालीय" झालं आणि संध्याकाळी एक चुलत सासू मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला हजर. दुसऱ्यांदा शहाणपणा केला आणि क्रोन्स म्हणाले, तर समोरची बाई नाकाला पदर लावून मागे सरकली. तिला करोना ऐकू आलं होतं.

माझं मला सोसतं. पण मागच्या पावसाळ्यापासून माझी लेक शाळेतून आली की पोट धरून बसायला लागली. चौथीतली पोर, खेळायचं सोडून भिंतीला टेकून बसायची. सिलिॲक रक्ताच्या नात्यात उतरू शकतो हे मला माहीत होतं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. शाळेत मी शिकवते तो वर्गही संडासाजवळचा मागून घेतलेला. तिथे फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा आणि मुली म्हणायच्या, मॅडम, पुढचं?

लातूरहून तिला घेऊन नांदेडला माझ्याच डॉक्टरांकडे गेले. या रस्त्यावरची चाकूर, अहमदपूर, लोहा ही बसस्थानकं मी त्यांच्या संडासांवरून ओळखते. रक्ततपासणीत काही निघालं नाही. मला तिथेच सुटकेचं रडू फुटलं. डॉक्टरांनी ते फुटू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "घरात गहू किती होतो?"

"घरात गहूच नाही," मी अभिमानानं सांगितलं. माझ्यामुळे तो कधीच बंद झाला होता. पोरीच्या पोटात जायचा तो एखाद्या मैत्रिणीच्या डब्यातला घास, नाहीतर वाढदिवसाचा केक.

"मग रक्तात काय दिसणार?" डॉक्टर म्हणाले. "दीड महिना रोज चपाती खाऊ द्या. मग परत तपासू."

म्हणजे गहू तिला बाधतो का हे कळायला आधी तो तिला भरपूर चारायचा. परतीच्या बसमध्ये मी डॉक्टरांवर चिडले, नवऱ्यावर फोनवरून चिडले आणि खिडकीच्या जागेसाठी हट्ट करणाऱ्या पोरीवरही चिडले.

सासूबाई मात्र खूश. सून आल्यापासून घरातून गेलेला गहू परत येणार होता. मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळं पोळपाट-लाटणं, पिठाचा डबा, सगळं त्यांनी स्वतः मांडलं. म्हणाल्या, "तू हिकडं फिरकूच नको. माझ्या नातीला मी करून घालते. गव्हानं कुणाला काय होत न्हाई, लेकराला बाळसं येतंय बघ." पीठ उडून माझ्या ताटात येईल म्हणून मी पडवीचं दार लावून घ्यायची. पण तूप लावलेल्या गरम चपातीचा वास दारानं अडत नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आपल्याला मारणाऱ्या वस्तूसाठी पाणी सुटावं याचा मला भयंकर राग यायचा.

पोरगी तूप-साखरेची गुंडाळी करून नाचत खायची. मी तिच्या मागे मागे. दुखतंय का? मळमळतंय का? शी कशी झाली? एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, तू माझ्या तोंडाकडं बघतच नाहीस, पोटाकडंच बघतेस." तरी मी विचारतच राहिले. ती दर वेळी "नाही" म्हणायची आणि मला वाटायचं, सुटलो. दुसऱ्या क्षणी वाटायचं, खोटं तर बोलत नसेल?

त्यातच येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. आमचं शेत निलंग्याकडे आहे. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कडब्याचं खोपटं करून त्या कोपीत पूजा मांडलेली आणि पुढ्यात भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. खीर एका आजाराला चालत नाही. भज्जीतल्या शेंगा, दाणे, पालेभाज्या दुसऱ्याला चालत नाहीत. मी डब्यातला ताकभात काढला. आल्या आल्या बांधामागची आडोशाची जागा मी हेरून ठेवलीच होती. माणसं हसत-खेळत आग्रह करत होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

पोरीनं दोन वाट्या खीर खाल्ली. थोड्या वेळानं ती दिसेना. मी उठले आणि ज्वारीच्या कडेनं निघाले. तेवढ्यात बांधापलीकडून तिचा आवाज आला.

"आजी, आईला सांगू नको. ती बंद करील."

"कवापासून दुखायलंय गं?" सासूबाईंचा आवाज रडवेला होता.

"रोजच दुखतं."

मी पुढे झाले. पोर गुडघे पोटाशी घेऊन ढेकळात आडवी पडली होती. मला बघून ती दचकली. मी जवळ बसले, डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, का नाही सांगितलंस? ती दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "मला तुझ्यासारखं नाही व्हायचं."

मला लागलं. खोटं कशाला सांगू, एक क्षण तिचाच राग आला. मग मी म्हणाले, "मला पण नको आहे गं, तू माझ्यासारखी झालेली." त्यावर ती रडली, मी रडले आणि सासूबाई पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उलट्या-जुलाब नाहीत ना, त्यांनी विचारलं. नव्हते. मग म्हणाले, फार थोडे दिवस राहिलेत. आता थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. रोज एक तरी चपाती जाऊ द्या. त्रास वाढला तर लगेच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतली शेगडी पेटलेली नव्हती. सासूबाई उंबऱ्यावर बसून होत्या. "मला जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकरू गडाबडा लोळायलंय आन् म्या तेच इख रांधू? लई झालं." गव्हानं कुणाला काय होत नाही म्हणणारी बाई आता डब्याला हात लावायला तयार नव्हती. नवरा शिकवणीचा क्लास घ्यायला गेलेला. शाळेची रिक्षा यायची होती.

मी नाका-तोंडाला ओढणी घट्ट बांधली आणि पडवीत गेले. कित्येक वर्षांनी कणीक मळली. हात काही विसरले नव्हते. तव्यावर चपाती टम्म फुगली. तशा अवस्थेतही मला ते बघून बरं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. हात साबणानं दोनदा धुतले आणि ताटली घेऊन आत आले.

पोर दप्तर लावून बसली होती. तिनं चपातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता नाटक करायची गरज नव्हती. तिला नको होती.

"आई, दुखतं," ती म्हणाली.

"माहिती आहे," मी म्हणाले आणि घास तोडून तिच्या तोंडापाशी नेला. "खा."