मोटेवरची उलटी चाल

बायको गेली त्याला दोन महिने झाले. लोक बसायला येतात, देवमाणूस होती म्हणतात. देवमाणूस-बिवमाणूस काही नव्हती. हट्टी बाई होती. मुक्या सिनेमात हसवायची कामं करूनही माझा संसार झाला, तो तिच्या हट्टामुळं. मी चार बुकं शिकलेला, येईल तसं लिहितो.

वाशीमजवळ आमचा वांग्यांचा आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा मळा. बाप मोट हाकायचा, मग मी हाकू लागलो. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट विहिरीतून वर येते. ती परत सोडायची तर बैल उलट्या पावलांनी विहिरीच्या काठापर्यंत आणायचे. त्यांच्यासंगं माणूसही उलटाच चालतो. मागं पाहायचं नाही. काठ पायालाच कळला पाहिजे.

लग्नाला वर्ष झालं असेल. पुण्याच्या एका सिनेमा कंपनीनं देवाच्या रथासाठी आमच्याकडचे पांढरे बैल नेले. सांभाळायला मी गेलो. बैल परत आले, मी राहिलो. मुक्या सिनेमात राक्षस होऊन उगाच बोंबललोही.

एक दिवस चोराचं काम करणारा तापानं पडला, म्हणून मला उभं केलं. पैलवानाचं दूध पिऊन पळायचं होतं. मी पळालो तर डायरेक्टर भडकला, "अरे, लोकांनी तुझी पाठ पाहायची का? तोंड दिसू दे!"

मग मी पैलवानाकडं तोंड करून, हात जोडून, उलटा पळालो. थेट तिथल्या विहिरीकडं. काठ पायाला कळला तसा थांबलो. मागं पाहिलं नाही. पैलवानच हसत खाली बसला, सगळं परत घ्यावं लागलं. त्यानंतर कंपनीचं एकही हसायचं चित्र माझ्यावाचून निघालं नाही.

पण बायकोला न्यायला घरी आलो, तर बाप मळ्यातूनच ओरडला, "कायले आला बे? सोंगाड्यामागं माही सून येणार नाही. तिच्याबी तोंडाले रंग लावतं काय?"

ती पाटाजवळ भांडी घासत होती. वर न पाहताच म्हणाली, "पोहरादेवीच्या जत्रेत तुमचा सिनेमा येऊन राह्यला म्हंतात. खरं हाय?"

"हाव."

"मंग मी आणतो मामाजीले," ती म्हणाली.

तिनं सासऱ्याला देवीचा नवस सांगितला. दर्शन झालं, दिवस बुडाला, आणि सिनेमाच्या तंबूपुढं ती बसलीच. "मामाजी, देवाचा सिनेमा हाय. माहे पाय लय दुखून राह्यले." खोटं नव्हतं. देवाचाच होता. त्याआधी माझा छोटा खेळ होता, तेवढं ती बोलली नाही.

मी पडद्याशेजारी पेटी वाजवणाऱ्याजवळ उभा राहून बापाकडंच पाहत होतो. पडद्यावर मला ओळखताच तो उठला. हिनं धोतराचा सोगा धरला. तेवढ्यात तिकडं मी उलटा पळू लागलो. बाप उभ्याचा उभा. त्याची नजर माझ्या पावलांवर. विहीर जवळ आली. चार हात. दोन हात. आणि मोटेवर बैलांना ओरडावं तसा तो ओरडला, "होऽ रे बापा, होऽ!"

पडद्यावर मी थांबलो.

तंबू हसून नुसता लोळला. "अजून एक डाव! बुढ्याले ओरडू द्या!" तंबूवाल्यानं रीळ परत लावलं. बाप परत ओरडला, या खेपेला छाती भरून. जत्रा संपेपर्यंत तीन दिवस तो मळा विसरला आणि एकेका खेळाला ओरडत राहिला. बोलपट यायला अवकाश होता. पोहरादेवीत तो माझ्या बापानं आणला.

घरी आल्यावर माझ्याशी पहिलं काय बोलला, तर, "टाच आधी टेकवून राह्यला तू. चवडा आधी टेकव, नाही त पडशीन."

तिनं लगेच साधून घेतलं. "मामाजी, मी जातो यायच्यासंगं."

बुढ्यानं बैलांपुढं वैरण टाकली. मग म्हणाला, "पेरणीले ये."

"पेरणीले नाही जमणार. दिवाळीले येऊ."

"सासऱ्यासंगं सौदा करतं काय वं?" तो हसला आणि माझ्यावर खेकसला, "अबे, पाहून काय राह्यला? तिचं गाठोडं उचल!"

मी उचललं. ती सासऱ्याच्या पाया पडली आणि चालू लागली. वेशीपर्यंत तिनं मला पुढं होऊ दिलं नाही.