उकडीचा हिमालय

हिमालयाला मुंग्या लागल्या तेव्हा मी नववीत होते.

आता कॉलेजात मी भूगोलच घेतलाय, त्यामुळे ही गोष्ट सांगावी की नाही, असं वाटतं. पण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आईने ती चहाबरोबर सांगितलेली आहे. लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत भूगोलाचं प्रदर्शन होतं. पहिल्या नंबराची प्रतिकृती काचेच्या कपाटात, करणाऱ्याच्या नावासकट, कायमची राहणार होती. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्या काचेमागे माझं नाव दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि वैदेहीचं दिसू नये, ही दुसरी!

वैदेही माझ्याच बाकावर बसायची. वडील बँकेत, मामा मुंबईला. त्या मामाने खास येऊन तिला पृथ्वीगोल करून दिला होता. आत दिवा! बटण दाबलं की महासागर उजळायचे. मामाने करायचं आणि हिने "मी केलं" म्हणायचं, याला काय अर्थ आहे? (माझा हिमालय मी कितपत केला, ते पुढे येईलच.)

मी आधी अंगणातल्या लाल मातीचा हिमालय केला. तो दुपारी वाळला आणि संध्याकाळी तडकला. मी रडायला बसले.

"काय गो, झालं काय?" आईने विचारलं.

"बाई म्हणाल्या, हिमालय वली पर्वत आहे. जमीन दोन्ही बाजूंनी दाबली गेली आणि तिला वळ्या पडल्या. मातीला वळ्याच पडत नाहीत."

"दाबून वळ्या पाडायच्या ना? मग रडतंस कशाला? मी गणपतीत दुसरं काय करते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने तांदळाची उकड काढली. मोदकाच्या कळ्या पाडणारा तिचा हात पर्वतावर चालू लागला. अशा वळ्या पुस्तकातल्या चित्रालाही नव्हत्या! हिमालय मोदकपात्रात मावेना, म्हणून एकेक शिखर वेगळं उकडून फळीवर जोडलं. तेवढ्यात मला गुळाचा वास आला.

"आई! आत काय भरलंस?"

"सारण."

"हिमालयात गूळखोबरं नसतं!"

"मग काय असतं?"

"गाळाचे खडक."

"ते मी कुठून आणू? पोकळ ठेवला तर बसेल तो. आणि रिकामा मोदक माझ्या हातून व्हायचा नाय, आधीच सांगते."

बाबा दारात चहा पीत होते. म्हणाले, "आत कोण बघतंय, बाय? घेऊन जा तू."

फळी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरने वास घेतला. "कसला गो प्रसाद?"

"हिमालय आहे."

"मग एक शिखर दे की!"

शाळेत वैदेहीच्या टेबलाभोवती ही गर्दी! महासागर उजळत होते, विझत होते. माझ्याकडे फक्त शिपाईकाका आले, तेही खुर्ची न्यायला. मी मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, देवा, तिचा दिवा जाऊ दे.

देवाने ताबडतोब ऐकलं. फक्त दिवा नाही, अख्ख्या गावाची लाइट नेली. भारनियमन!

पृथ्वीवर अंधार पडला. वैदेहीचा चेहरा उतरला. मला इतका आनंद झाला की पंखेही बंद झालेत, हे लक्षातच आलं नाही. वर्गाची भट्टी झाली आणि परीक्षक सर नेमके तेव्हा माझ्यासमोर आले.

"वा! वळ्या काय सुंदर आहेत!" ते वाकले. "पण मुली, एव्हरेस्टमधून हे काय वाहतंय?"

गूळ पाघळला होता. दक्षिण उतारावरून तो संथपणे भारतात येत होता.

"सर... गंगा."

"गंगा एव्हरेस्टवर उगम पावते?"

 तोवर तिबेटच्या बाजूने मुंग्यांची रांग चढू लागली होती. सरांनी बोटाला लागलेली गंगा चाखून पाहिली. मग कांचनगंगेचं टोक मोडलं.

"घरचं आहे का?"

"हो सर. आईने केलंय."

झालं! सर खातायत म्हटल्यावर वर्ग तुटून पडला. मुंग्या झटकत झटकत पोरांनी पूर्व हिमालय संपवला, मग पश्चिम. एव्हरेस्ट कोणी खाल्लं? वैदेहीने! लाइट आली तेव्हा फळीवर फक्त सपाट प्रदेश उरला होता.

पहिला नंबर वैदेहीचा. "तुझा विचार केला असता," परीक्षक सर मिशा पुसत म्हणाले, "पण आता बघायला काही नाही."

कपाट गेलं. मी घरी येऊन पांघरुणात तोंड खुपसलं.

रविवारी दारात वैदेही उभी! "काकू, मला मोदक शिकवाल? आमच्या आईला पाऱ्या जमतच नाहीत. मला तर हिचा हेवाच वाटतो."

माझा हेवा! आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी मान वर करून बघत होतं. मी ऐटीत पाटावर बसणार, तोच आई म्हणाली, "ऊठ गो, पाट तिला दे. भूगोलात पहिली आलेली पोर ती!"

आणि तुपाची धारही आधी तिच्याच पानात पडली. मी जमिनीवर बसून कोरडा मोदक खाल्ला आणि मनातल्या मनात पुन्हा लाइट जायची वाट बघत राहिले. भर दुपारी, घरात एकही दिवा लागलेला नसताना!