तलफेचं रीडिंग

कृष्णात टेस्टरनं तीस वर्षं गावातल्या म्हशींची इज्जत काढली. दूध संस्थेच्या खिडकीत बसायचं, प्रत्येकाच्या दुधाचं सँपल मशीनला लावायचं आणि फॅट कमी लागली की अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, हे त्याचं काम. शेवटचा भाग संस्थेनं सांगितलेला नव्हता, तो त्यानं हौसेनं जोडलेला. एक बिडी ओठात, एक कानावर, आणि तोंडात जे असायचं ते छापण्यासारखं नाही.

अशा माणसाला पोरीनं एका फोनवर गार केलं. निशिगंधाला सातवा लागलेला, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आणायची तयारी चालली होती. ती म्हणाली, "आबा, घरात बिडीचा वास असंल तर मी येणार न्हाय. हितलाच दवाखाना बघतो." पहिलं बाळंतपण सासरी म्हणजे भावकीत नाक कापलं जाणार. पण नाक गेलं खड्ड्यात. नातवंड पहिल्यांदा आपल्या हातात येणार नाही, याचं कृष्णातला मनापासून वाईट वाटलं. त्यानं बिड्यांचं बंडल शेणाच्या पाटीत खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी पेठ वडगावहून एसटी पकडून कोल्हापूरचं व्यसनमुक्ती केंद्र गाठलं.

तिथली समुपदेशक शांभवी मॅडम त्याच्या पोरीच्या वयाची. तिनं हातात एक तक्ता दिला. चिडचिड, बेचैनी, भूक, झोप आणि सगळ्यात खाली तलफ. रोज प्रत्येकापुढं आकडा टाकायचा, शून्य म्हणजे काही त्रास नाही, चार म्हणजे फार. "निकोटिन सुटताना शरीर कांगावा करतं. पहिल्या आठवड्यात जास्त, मग उतरत जातं. ते मोजायचं," ती म्हणाली. मोजायचं म्हटल्यावर कृष्णात खुलला.

घोळ चिडचिडीपाशी झाला. स्वतःच्या म्हशीच्या दुधाची फॅट स्वतः काढायची नाही, हा नियम त्यानं तीस वर्षं पाळलेला. मग स्वतःची चिडचिड स्वतः कशी मोजायची? त्यानं सकाळी खिडकीतून रांगेलाच विचारायला सुरुवात केली. "आज किती चिडलोय मी? शून्य ते चार."

रांगेनं संधी सोडली नाही. ज्याची फॅट चांगली लागली तो शून्य म्हणायचा, ज्याची पडली तो चार. झुंबरबाईच्या म्हशीनं तर तीन महिने फॅटला सहाचा आकडा बघितला नव्हता. ती म्हणाली, "धा लिव."

"चारपतोरच हाय, म्हातारे."

"मग आज चार लिव, ऱ्हायलेलं सा उद्याच्यात धर."

कृष्णातनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तिचा चार प्रामाणिकपणे धरून सरासरी काढली. घरी बायकोला, आक्काताईला, विचारलं तर ती भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "लग्नापास्नं चारच हाय की. बिडीवर कशाला ढकलताय?"

पंधरा दिवसांनी तक्ता बघून शांभवी मॅडमनं कपाळाला हात लावला. "काका, ही तुमची चिडचिड नाही, गावातल्या म्हशींची फॅट आहे." बाईचं खरं होतं. पण या उद्योगानं गावभर बोभाटा झाला आणि पानपट्टीवालासुद्धा कृष्णातला बिडी देईना. त्यानं फुटाणे खाल्ले, नखं खाल्ली, संस्थेच्या सेक्रेटरीचं डोकं खाल्लं.

अठ्ठाविसाव्या दिवशी निशिगंधा नवऱ्याबरोबर आली. बॅग गाडीतच ठेवलेली, म्हणजे अजून भरवसा नव्हता. तिनं पडदे हुंगले, गोधडी हुंगली, बापाच्या सदऱ्यालाही नाक लावलं. मग तिची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. चिडचिड दोन पॉइंट सात, तीन पॉइंट एक. ती हसत हसत एकेक ओळ वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तलफ कुणाला विचारून भरता येत नाही, ती ओळ त्यानं एकट्यानं भरली होती. अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस चार.

"आबा, एक दिस पन कमी न्हाय झाली?"

"न्हाय."

"मग लिवायचं की दोन-तीन. कोन बघाय येनार हुतं?"

"खोटं रीडिंग आजवर लिवलं न्हाय," कृष्णात म्हणाला. "आनि बिडी वडली बी न्हाय."

निशिगंधानं डोळ्याला पदर लावला आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो, बॅग आत आना."

आपलं तोंड पोरीला दिसू नये म्हणून कृष्णात दारात गेला आणि गाडी उन्हात लावली म्हणून जावयावर खच्चून ओरडला. आतून आक्काताईनं कुणी न विचारताच आकडा सांगितला. चार.